पाटाच्या पाण्याच्या भांडणात मध्यस्थ म्हणून कसं बसायचं हे शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या गावागावांत काम करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांकडून हे आभाराचं पत्र. "दोघांचं ऐकून घ्या" एवढं सगळेच सांगतात. ऐकायचं कसं, हे मात्र तुम्ही शिकवलंत.

दोन्ही बाजूंना एकदम समोरासमोर बसवायचं नाही. आधी प्रत्येकाशी वेगळं बोलायचं, अर्धा-पाऊण तास, आणि दोघांना वेळ सारखाच द्यायचा. एकाकडे चहा घेतला तर दुसऱ्याकडेही घ्यायचा, नाहीतर कुणाकडेच नाही. बैठक कुणाच्या ओट्यावर न घेता शाळेत घ्यायची. बाजाराचा दिवस टाळायचा आणि संध्याकाळची वेळही, कारण तोवर कुणीतरी पिऊन येतं. दोन्हीकडून दोन-तीनच माणसं बोलवायची. सगळी भाऊबंदकी जमली की जो तो आपल्या लोकांसमोर मान खाली जाऊ नये म्हणूनच बोलतो.

पाटाच्या पाण्यावर तुम्ही घेतलेला सराव सगळ्यात कामाचा ठरला. शेपटाकडचा, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी म्हणतो, माझी पाण्याची पाळी आधी लावा. वरचा म्हणतो, जमणार नाही. "तुमले काय जोयजे?" (तुम्हाला काय हवं?) एवढ्यावर थांबलं तर भांडण तिथंच अडकतं. पुढचा प्रश्न "कसाले जोयजे?" (कशासाठी हवं?) मग कळतं की शेपटाकडच्याचं दुखणं पाळीचं नाहीच. रात्री वर कुणीतरी पाट फोडतं आणि त्याच्यापर्यंत पाणीच पोचत नाही. वरच्याला धास्ती ही की पाळी एकदा सोडली तर ती कायमची गेली. म्हणजे पाळीला हात न लावता रात्रीच्या राखणीचं ठरवलं की दोघांचं भागतं. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतांच्या गटांना (फडांना) मिळून वाटून घ्यायच्या जुन्या रीतीत, पाणी सोडायला पाटकरी वेगळा आणि एका फडात पीक एकच. भांडण उठायच्या आधीच केलेली ही सोय तुम्ही दाखवलीत, म्हणून ती आमच्या नजरेत आली.

"यापुढे समजुतीने घेऊ" असं लिहिलेला कागद टिकत नाही. पाटाचं दार कोण उघडणार, कोणत्या तारखेपासून, किती तास, लाइट गेली तर ते तास कसे भरून द्यायचे, हे सगळं त्यात हवं. कागद मोठ्याने वाचून दाखवायचा, मगच सह्या-अंगठे घ्यायचे आणि दोघांना एकेक प्रत द्यायची. 15 दिवसांनी पुन्हा भेटायची तारीख त्याच कागदावर टाकायची. ही भेट चुकली की पहिली कुरबुर तशीच साचत राहते.

सगळ्यात मोठं ऋण वेगळंच आहे. समझोता कुठे करायचाच नाही, हे तुम्ही ठामपणे सांगितलंत. मार खाणाऱ्या बाईला नवऱ्यासमोर बसवून "मनातलं बोल" म्हणायचं नाही, तिला रात्री त्याच घरात परत जायचं असतं. तिथे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे जायचं. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला वकील मोफत मिळतो. लहान मुला-मुलींवरच्या लैंगिक अत्याचारात तर 2012 च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. गावकीने कितीही "घरातलं घरात मिटवा" म्हटलं तरी तिथे बैठक बसवायची नाही.

रब्बीच्या पाळ्या सुरू व्हायच्या आधी नव्या कार्यकर्त्यांचं शिबिर ठेवतो आहोत. मध्यस्थ स्वतःच किती वेळ बोलतो, हे मोजायचा तुमचा सराव त्यात पहिल्याच दिवशी आहे. घड्याळ घेऊन बसायला तुम्ही यावं, ही विनंती. दोन दिवस आधी कळवलंत तरी चालेल.

आपले,
खान्देशातले गावपातळीवरचे कार्यकर्ते