‘अच्छेव’ वाचायलाच हवी

महोदय,

यंदाच्या पावसात काही जुन्या कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या. पुंडलीक नाईक यांची ‘अच्छेव’ सर्वांत खोल भिडली. खाण आली, हातात रोकड खेळू लागली आणि शेती, घरे, नाती कशी ढासळत गेली, हे त्यांनी १९७७ सालीच लिहून ठेवले आहे. डिचोली-सत्तरी या गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या वाचकाला त्यात आपलाच गाव दिसतो. लाल धूळ ज्यांच्या अंगणात बसली, त्यांना वेगळे सांगायला नको.

दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ही आवडली. कुवेतला आया म्हणून गेलेल्या बाईचा लेखक कुठेही न्यायनिवाडा करत नाही, हे मला फार मोलाचे वाटते. महाबळेश्वर सैल यांची ‘हावठण’ कुंभारांचे जगणे आतून दाखवते, पण ती सावकाश वाचावी. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये मात्र मला नायक चक्रधरपेक्षा नायिका हॅर्टाच जवळची वाटली.

यांतल्या तीन कादंबऱ्या मूळ कोकणी. आपल्याकडचे मराठी वाचक त्या का टाळतात, कळत नाही. लिपी तर एकच आहे. आपल्या रविवार पुरवणीत अशा गोमंतकीय कादंबऱ्यांवर दर आठवड्याला थोडी जागा द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, डिचोली