घरच्या व्हिडिओची एकच कॉपी ठेवू नका

संपादक महोदय,

आमच्या वाड्यावर एका घरी मध्यंतरी सीसीटीव्ही बसवला. बसवणारा म्हणाला जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क पडून असेल तर द्या, नवीचे पैसे वाचतील, म्हणून घरच्यांनी माळ्यावरची काढून दिली. डीव्हीआरने, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याने, फॉरमॅट करू का (डिस्क पुसून नव्याने तयार करू का) विचारलं, बसवणाऱ्याने ओके दाबलं. त्या डिस्कवर त्यांच्या चवथीचे, म्हणजे गणपतीचे, सगळे व्हिडिओ होते, माटोळी (गणपतीच्या वर बांधतात ती फळा-पानांची आरास) बांधताना, घुमट या मातीच्या वाद्यावर आरती चाललेली, शिवाय देवळाच्या उत्सवात आजोबांनी काम केलेलं संगीत नाटक, जे मुद्दाम व्हीएचएस कॅसेटीवरून उतरवून घेतलं होतं आणि नंतर अडगळ नको म्हणून कॅसेट टाकून दिली होती. नुसत्या फॉरमॅटवर थांबलं असतं तर बरंच परत मिळालं असतं, कारण क्विक फॉरमॅटमध्ये फायलींची यादी तेवढी पुसते, आतला डेटा जागेवर असतो. पण डीव्हीआर रात्रंदिवस रेकॉर्ड करतो. कोणाच्या लक्षात येईपर्यंत त्याच जागेवर फाटक आणि फाटकाजवळ झोपणारे कुत्रे भरून गेले होते!

आता सगळे त्या सीसीटीव्हीवाल्याला शिव्या घालतात, पण डिस्कवर काय आहे ते त्या बिचाऱ्याला काय माहीत. मला विचाराल तर घोटाळा आधीच झाला होता, कॅसेट टाकली त्या दिवशी. डिजिटल झालं की मूळ फेकायचं, हे खूळ गोव्यात घरोघरी आहे.

दुसरं खूळ, 'गूगलवर आहे ना'. गूगल फोटोज आणि फोन एकमेकांना जोडलेले असतात, त्या अॅपमध्ये फोनवरून व्हिडिओ उडवला की गूगलवरचा पण उडतो. बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस ट्रॅशमध्ये सापडतो, पुढे संपलं. आणि फुकटची जागा १५ जीबी, त्यात मेल पण आले. व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवलाय म्हणून निश्चिंत राहू नका, तिथे व्हिडिओ दाबून बारीक होतो, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातो.

कॅमेऱ्याच्या कार्डावरून चुकून डिलीट झालं तर पहिलं काम म्हणजे त्या कार्डावर नवीन काहीही शूट करू नका, कार्ड काढून ठेवा. रिकुव्हा, फोटोरेक असली फुकटची सॉफ्टवेअरं आहेत, त्यांनी बऱ्याचदा निघतं. फोनच्या आतल्या मेमरीतून मात्र आशा कमीच.

ज्यांच्याकडे कॅसेटी अजून आहेत त्यांनी आधी कडेची प्लॅस्टिकची चीप मोडलीय का बघावं. ती मोडली की व्हीसीआर (कॅसेट चालवायचं मशीन) त्यावर रेकॉर्डिंग करत नाही, नाहीतर लग्नाच्या कॅसेटीवर क्रिकेट मॅच चढलेली घरं काय कमी आहेत का. आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅसेटीला बुरशी लागते, कॅसेटीच्या पारदर्शक खिडकीतून बघितलं तर टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. तशी कॅसेट चालवून बघू नका, टेप तुटू शकते आणि बुरशी व्हीसीआरमधून चांगल्या कॅसेटीला पण लागते. बाकीच्या कॅसेटी पूर्ण रिवाइंड करून, उभ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पण हे सगळं तात्पुरतं, कारण नवीन व्हीसीआर २०१६ पासून बनतच नाहीत, तेव्हा डिजिटल करायचंच तर जुनी मशीनं चालतायत तोवर. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात, त्यामुळे दुकानदार घाई करतो, फाईल शेवटपर्यंत बघून मगच पैसे द्या.

जाणकार सांगतात तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे मडगावच्या बहिणीकडे एक डिस्क दिली तरी झालं, वर मोठ्या अक्षरात 'पुसू नये' लिहून. नासाने सुद्धा १९६९च्या चंद्रावरच्या उतरण्याच्या मूळ टेपा बहुतेक पुसून परत वापरल्या, २००९ मध्ये त्यांनीच तसं सांगितलं, आणि आज आपण बघतो ते चित्र दुसरीकडे, टीव्हीवाल्यांकडे वगैरे, कॉप्या राहिल्या म्हणून.

देवळांच्या उत्सवातली, काल्यातली नाटकं सरकारने शूट केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही, जी काय आहेत ती बहुतेक लोकांच्या कपाटात आहेत, आणि त्यात काम केलेली अर्धी माणसं आता नाहीत. म्हणून मागणी अशी की पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाने एक चालू व्हीसीआर आणि एक कॅप्चर मशीन (कॅसेटीवरचं कॉम्प्युटरवर उतरवणारं) लोकांसाठी ठेवावं, निदान चवथीच्या आधी तालुक्यातालुक्यात एक दिवस शिबिर घ्यावं, कॅसेट ज्याची त्याला परत आणि नाटकाची एक कॉपी ग्रंथालयाला. तोवर कोणाकडे चालू व्हीसीआर असेल तर कृपया भंगारवाल्याला देऊ नका.

- एक वाचक, फोंडा