मुंबईत अर्धा दिवस मोकळा मिळाला तर तो प्लॅटफॉर्मवर बसून घालवू नका

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही मुंबईतल्या वीकेंडवर पानभर लेख छापलात. त्यात कॅफे होते, मॉल होते, बोटीतली पार्टी होती. लेख चांगला होता, पण तो वाचताना सारखं वाटत होतं की आमच्याकडची माणसं जी मुंबईला जातात त्यांच्यासाठी यात एक ओळ पण नाही. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, जागा असेल तसं छापा.

आमच्या बार्शी-कुर्डूवाडी भागातला माणूस मुंबईला जातो तो कामासाठी. पेन्शनची फाईल अडकलेली असते, हायकोर्टात तारीख असते, पोराची परीक्षा नाहीतर इंटरव्ह्यू असतो. रात्री कुर्डूवाडीला सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि रात्री त्याच गाडीने परत. कोल्हापूरकरांची महालक्ष्मी, संभाजीनगरकरांची देवगिरी, सगळ्यांचं हेच गणित. लॉजचा खर्च नको म्हणून असं जायचं, आणि त्यात दिवसाचा मोठा तुकडा आपोआप मोकळा सुटतो. मंत्रालयात सर्वसाधारण लोकांना आत सोडतात ते दुपारी दोनच्या पुढे (आता मोबाईलवर आधी नोंदणी पण करावी लागते, ती गावाहून निघतानाच करून ठेवा), म्हणजे सकाळी सात ते दोन काय करायचं? बहुतेक जण पिशवी उशाला घेऊन स्टेशनात नाहीतर मंत्रालयासमोरच्या फुटपाथवर बसून राहतात. तिकिटाचे पैसे तर कामासाठी गेलेलेच असतात, त्यामुळे हे सात तास फुकटचे असतात. आणि मला जे कळकळीने सांगायचंय ते हे की या मुंबईत बघण्यासारखं जे आहे त्यातलं बरंचसं सीएसएमटी ते मंत्रालय या चालत जायच्या रस्त्यावरच आहे आणि त्याला एक रुपया लागत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. कामाच्या निमित्ताने वरचेवर जाणं होतं आणि बरोबर बऱ्याचदा गावातल्या बायका, कोणाचे नातेवाईक असे असतात. त्यांना घेऊन फिरून फिरून हा रस्ता पाठ झालाय.

पहिली गोष्ट सामानाची. स्टेशनात क्लोकरूम आहे, पण तिथे कुलूप लावलेली बॅगच घेतात आणि गाडीचं तिकीट दाखवावं लागतं. आपली माणसं आणतात कापडी पिशवी, तिला कुलूप कुठून लावणार, मग ती ओझं घेऊन दिवसभर फिरणं नको म्हणून जागेवरून हलतच नाहीत. घरून निघताना चेनवाली बॅग आणि छोटं कुलूप घ्या, एवढ्याने दिवस बदलतो. अंघोळ वगैरे स्टेशनातच पे अँड यूजमध्ये उरकून घ्यायची. बायकांना विशेष सांगते, बाथरूमला स्टेशनातच जाऊन निघा कारण पुढे रस्त्यावर धड सोय पटकन सापडत नाही.

आता स्टेशनच. लांबच्या गाडीतून उतरलेला माणूस गर्दीबरोबर पी डिमेलो रोडच्या बाजूने बाहेर पडतो आणि ज्या बिल्डिंगसाठी जगभरातून लोक येतात तिचं तोंड न बघताच निघून जातो. तसं करू नका, लोकलच्या बाजूने या. तिथल्या जुन्या तिकीटघरात एकदा मान वर करून बघा, निळं छत आणि त्यावर सोनेरी तारे, खाली संगमरवरी खांब. रोज हजारो माणसं तिथे तिकिटाच्या लाईनला असतात आणि नजर खिडकीवर असते. मग बाहेर येऊन रस्त्यापलीकडून पूर्ण इमारत बघायची. फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाच्या आर्किटेक्टने १८७८ ला काम सुरू केलं, बांधायला दहा वर्ष लागली, आणि भिंतीवरची पानं, पक्षी, माकडं, मोर हे कोरीवकाम आपल्या जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. गेटच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ, सिंह इंग्लंडचा आणि वाघ भारताचा. २००४ पासून ही इमारत युनेस्कोच्या यादीत आहे. समोर महापालिकेची इमारत आहे, ती पण स्टीव्हन्सचीच, १८९३ ची.

तिथून डीएन रोड (दादाभाई नौरोजी रस्ता) धरायचा. या रस्त्याला दोन्ही बाजूंनी इमारतींच्या खालून कमानीचा फुटपाथ आहे त्यामुळे ऊन असो पाऊस असो डोक्यावर छप्पर असतं, जूनमध्ये गेलात तर याची किंमत कळेल. दहा-पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक. इथे घाई करू नका. १८६४ चं फ्लोरा फाउंटन शेजारी आहे, पण आपण बघायचं ते हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. ज्या मुंबईत आपण मंत्रालयात कागद घेऊन जातो ती मुंबई महाराष्ट्राला मिळाली ती या माणसांमुळे. आम्हा सोलापूर जिल्ह्यातल्या लोकांना स्वातंत्र्यलढ्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचे पुतळे लहानपणापासून माहीत असतात, तरी इथे उभं राहिलं की दर वेळी गळा भरून येतो.

चौकातून डावीकडे आत गेलं की हॉर्निमन सर्कल. संपादक साहेब, हे तुम्हाला आवडेल, हा गोल बगीचा बेंजामिन हॉर्निमन या संपादकाच्या नावाने आहे. बॉम्बे क्रॉनिकलचा हा इंग्रज संपादक आपल्या स्वातंत्र्याच्या बाजूने लिहायचा म्हणून १९१९ मध्ये सरकारने त्याला उचलून इंग्लंडला पाठवून दिलं. बगीच्यासमोर एशियाटिक ग्रंथालयाचा पांढरा टाऊन हॉल, १८३३ चा, त्याच्या तीसेक रुंद पायऱ्या. सकाळी त्या पायऱ्यांवर बसून घरचा डबा खायचा, शेंगाचटणी आणि भाकरी, तिथे कॉलेजची पोरं पण अशीच बसलेली असतात.

मग मागे फिरून काळा घोडा. इथल्या जहांगीर आर्ट गॅलरीबद्दल मला जरा जास्त सांगायचंय, कारण आपली माणसं दारापर्यंत येतात आणि थबकतात. काचेचं दार, आत एसी, इंग्रजी बोलणारी माणसं, आपल्याला कोण आत सोडणार असं वाटतं. अहो कोणीपण सोडतं. १९५२ पासून ही गॅलरी सगळ्यांना फुकट खुली आहे, सकाळी अकराला उघडते, नाव-गाव कोणी विचारत नाही. आणि गंमत अशी की बऱ्याचदा ज्याने चित्र काढलंय तो स्वतः तिथे खुर्ची टाकून बसलेला असतो. एकदा आमच्याबरोबर गावातल्या एक मावशी होत्या, शाळा दुसरी-तिसरीपर्यंत झालेली. एका मोठ्या चित्रात बैलजोडी होती, त्या बराच वेळ जवळ जाऊन बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, बाई, ह्या जूला शिवळ कुठाय, बैल मान काढून जाईल की. (शिवळ म्हणजे बैलाची मान अडकून राहावी म्हणून जूला लावलेली खुंटी.) चित्रकाराने ते ऐकलं, तो उठून आला, शिवळ म्हणजे काय, कुठे असते, कशाची करतात सगळं विचारलं आणि मावशींनी हाताने करून दाखवलं, दोन बोटं खाली करून. त्याने वहीत काढून पण घेतलं. मावशी त्या दिवशी ज्या तोऱ्यात चालल्या तो मी विसरणार नाही. म्हणून म्हणते, आत जा, बिनधास्त जा, चपला काढायच्या नाहीत की काही नाही. शेजारचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पण सुंदर आहे, पण त्याला तिकीट आहे आणि निवांत दोन-तीन तास लागतात, ते पुढच्या खेपेला ठेवा.

गेटवे तिथून दहा मिनिटांवर. लहान मुलं बरोबर असतील तर जा. इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज १९११ ला आला, पाया १९१३ ला घातला, बांधून झालं १९२४ ला, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून बोटीवर चढून गेली. समोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, कमानीसमोर फोटो काढून लगेच मागे फिरू नका, पुतळ्यापाशी जाऊन या.

आता माझी सगळ्यात आवडती जागा, ओव्हल मैदान. मंत्रालयाकडे जाताना वाटेतच आहे आणि मैदान ओलांडायला मधून पायवाट आहे. त्या पायवाटेच्या मध्यावर थांबायचं. एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ, २८० फुटी राजाबाई टॉवर, काळ्या-पिवळ्या दगडाचं टोकदार कमानीचं काम, १८६०-७० च्या काळातलं, किल्ल्याच्या भिंती पाडल्या तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेवरचं. दुसऱ्या बाजूला वळलं की गुळगुळीत भिंतींच्या, गोल बाल्कन्यांच्या इमारती, रंग फिके, कठडे जहाजाच्या डेकसारखे, या १९३० च्या आसपासच्या. त्यांना आर्ट डेको म्हणतात आणि त्या जिथे उभ्या आहेत त्याच्या पलीकडची बरीच जमीन समुद्रात भराव टाकून काढलेली आहे. म्हणजे टॉवर बांधला तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा कितीतरी जवळ होता. या दोन्ही प्रकारच्या मिळून ९४ इमारती २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेल्या. टॉवरला नाव प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याच्या आईचं, पैसे त्याने दिले आणि अट ही घातली. एका जागी उभं राहून पन्नास-साठ वर्षांचा फरक डोळ्यांनी दिसतो, मी वर्गात इतिहास शिकवायचे तेव्हा ही जागा मुलांना दाखवता आली असती तर किती बरं झालं असतं असं फार वाटतं. मैदानात पोरांच्या मॅचेस चालू असतात, सावलीत बसून पाठ टेकायला पण हरकत नाही, दोनला दहा कमी असताना उठलं तरी मंत्रालय पाच-सात मिनिटांवर आहे.

काम झालं की पाच-साडेपाच वाजतात. तेव्हा कोणीतरी म्हणतंच की चला सिद्धिविनायक करून येऊ, हाजीअली करू, जुहूला जाऊ. नका करू. संध्याकाळी वर जाणाऱ्या लोकलला जी गर्दी असते त्यात आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला चढवणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि स्टेशनबाहेर टॅक्सीवाले चार तासात सगळी मुंबई दाखवतो म्हणतात, त्यात निम्मा वेळ सिग्नलला जातो. त्यापेक्षा मंत्रालयाच्या मागे नरिमन पॉईंट आहे, तिथून मरीन ड्राईव्हच्या कट्ट्यावर चढायचं आणि समुद्र डाव्या हाताला ठेवून चौपाटीपर्यंत चालत जायचं, रमतगमत तासभर. पाय दुखले तर बसायचं, कोणी उठवत नाही. पावसाळ्यात भरतीच्या वेळेला मात्र कट्ट्यापासून लांब राहा आणि लाटा अडवायला टाकलेल्या त्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर कधीच उतरू नका, दर वर्षी माणसं वाहून जातात. चौपाटीला लोकमान्यांचा पुतळा आहे, १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले आणि त्यांना तिथेच वाळूत अग्नी दिला. परत यायला चर्नी रोडवरून चर्चगेटची लोकल पकडायची, संध्याकाळी त्या दिशेला गाड्या बऱ्यापैकी मोकळ्या असतात. ती सीएसएमटीला जात नाही, हे नवीन माणसाला माहीत नसतं. चर्चगेटला उतरून पंधरा-वीस मिनिटं चालत सीएसएमटी, किंवा बस, तिचं तिकीट आता कमीत कमी १० रुपये आहे.

ज्यांचं माणूस परळला दवाखान्यात आहे त्यांना मी यातलं काही सांगणार नाही, त्यांना तिथून हलता येत नाही. हे बाकीच्यांसाठी.

आता मागणं. महापालिकेला आणि रेल्वेला विनंती की लांबच्या गाड्यांच्या प्लॅटफॉर्मवर, जिथे माणूस उतरतो तिथेच, मराठीत मोठ्या अक्षरात एक नकाशा लावा. हुतात्मा चौक किती मिनिटं, जहांगीर किती मिनिटं, मंत्रालय किती मिनिटं, बायकांसाठी बाथरूम कुठे, प्यायचं पाणी कुठे. क्लोकरूममध्ये साध्या पिशव्या ठेवायला कुलपाची पेटी भाड्याने द्या, दहा-वीस रुपये लोक आनंदाने देतील. मंत्रालयासमोर सकाळपासून येऊन थांबणाऱ्यांना बसायला सावली आणि सामान ठेवायला जागा करा, ती माणसं शासनाच्या कामासाठीच आलेली असतात.

आणि संपादक साहेब, तुम्हाला एक. असा नकाशा तुमच्या पेपरात पाव पानावर छापा, आणि मुंबई आवृत्तीत नको, सोलापूर, कोल्हापूर, लातूर, संभाजीनगर आवृत्तीत छापा. रविवारी संध्याकाळी निघणारे लोक बरेच असतात, तेव्हा रविवारच्या अंकात आला तर कात्रण कापून खिशात ठेवता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. बार्शी, जि. सोलापूर