खोक्यावर 'नाजूक', आत पोकळी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे) जुने रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर आणि टेपरेकॉर्डर यांची खरेदी-विक्री मोबाइलवरून होऊ लागली असून पुण्या-मुंबईकडचा असा माल ट्रान्स्पोर्टने किंवा कुरिअरने बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात बऱ्यापैकी येऊ लागला आहे. बेळगावच्या शहापुरात जवळजवळ चाळीस वर्षे रेडिओदुरुस्ती केलेला मी एक निवृत्त कारागीर आहे. हौसेने सेट मागवणारे लोक अजूनही माझ्याकडे येतात, आणि त्यांनी आणलेल्या सेटांचे दुखणे पुष्कळदा वयाचे नसून प्रवासाचे असते. साठ वर्षे एखाद्या घरात धड राहिलेला रेडिओ दोन दिवसांच्या प्रवासात मोडून येतो आणि दोष मात्र सरसकट हमालांच्या माथी मारला जातो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम माझाच अनुभव सांगतो. 1963 साली आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले त्या सुमारास माझ्या वडिलांनी मर्फीचा एक रेडिओ घेतला होता. त्याचा परवाना काढण्यासाठी पोस्टात पैसे भरावे लागत आणि ते परवान्याचे पुस्तक आईने देवघराच्या फडताळात जपून ठेवलेले असे. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि तो सेट कोणालातरी देऊन टाकला गेला. तसाच एक सेट पुण्याच्या एका विक्रेत्याकडे असल्याचे मला गेल्या पावसाळ्यात समजले. त्याने तो चालू करून मला फोनवर आवाजही ऐकवला. साडेसहा हजारांना व्यवहार ठरला, ट्रान्स्पोर्टचे साडेतीनशे रुपये वेगळे, आणि चौथ्या दिवशी खोके माझ्या दारात आले.

खोके उचलताच आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला तेव्हाच मी काय ते समजलो. बाहेरून लाल अक्षरांत 'नाजूक' लिहिलेली चिकटपट्टी पाच-सहा वेळा गुंडाळली होती, इतकी की ती कापायला मला दहा मिनिटे लागली. आत मात्र फुग्यांच्या प्लॅस्टिकचा एकच फेर आणि चार कोपऱ्यांत वर्तमानपत्राचे बोळे होते, तेही प्रवासात दबून खालच्या एका कोपऱ्यात जमा झालेले. चेसिस, म्हणजे सारे भाग जिच्यावर बसवलेले असतात ती पत्र्याची बैठक, लाकडी पेटीतून सुटून पुढे घसरली होती. तिच्यावरच्या ट्रान्सफॉर्मरने आउटपुटच्या ईएल 84 व्हॉल्व्हचा चुरा केला होता आणि त्याच काचेने स्पीकरचा कागद वीतभर फाडला होता. मॅजिक आय, म्हणजे स्टेशन नेमके लागले की मिटत येणारा तो हिरवा डोळा, तेवढा वाचला होता. डायलच्या काचेचे मात्र तीन तुकडे झाले होते. लंडन, सिलोन, दिल्ली अशी गावांची नावे छापलेली ती काच. व्हॉल्व्ह अजून कोठेतरी मिळतात, कारण बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये एके काळी ते मोठ्या प्रमाणावर तयार होत आणि जुन्या दुकानदारांच्या कपाटात त्यांच्या न फोडलेल्या डब्या आजही सापडतात. पण एका विशिष्ट मॉडेलच्या डायलची काच मिळवायची तर त्याच मॉडेलचा दुसरा सेट मोडावा लागतो.

असे का होते, याचा विचार पाठवणारा करीत नाही. जुन्या रेडिओची पेटी नाजूक दिसते म्हणून तो पेटीला गुंडाळतो. खरा धोका पेटीच्या आतच असतो. मेन्सचा ट्रान्सफॉर्मर चांगला दीड-दोन किलोचा असतो आणि तो पातळ पत्र्याच्या चेसिसवर बसवलेला असतो. ती चेसिस चार बोल्टांनी पेटीच्या तळाला आवळलेली असते, आणि मधे जी रबरे असतात ती साठ वर्षांत कडक होऊन भुगा झालेली असतात. ढोबळ हिशेबच करू. टेंपोच्या फळीवरून, म्हणजे साधारण एक मीटर उंचीवरून, खोके जमिनीवर पडले आणि आतली वस्तू पाच मिलिमीटरच्या आत थांबली, तर त्या क्षणी तिच्यावर तिच्या वजनाच्या सुमारे दोनशेपट जोर येतो, म्हणजे दोन किलोचा ट्रान्सफॉर्मर क्षणभर चारशे किलोचा होतो. तीच वस्तू भोवतालच्या मऊ थरात पाच सेंटिमीटर दबत थांबली, तर हा जोर वीसपटीवर, म्हणजे चाळीस किलोवर येतो. बांधणीचे सारे शास्त्र या दोन आकड्यांत आहे. खोक्यावर चिकटपट्टीचे फेर वाढवून यातला एक मिलिमीटरही मिळत नाही.

आपल्या भागाला हे शास्त्र नवीन नाही, याचेच मला अधिक वाईट वाटते. खानापूरचे कुंभार आपली मडकी आणि घागरी भाताच्या पिंजरात, म्हणजे पेंढ्यात, बसवून वर्षानुवर्षे बाजाराला नेत आले आहेत. लहानपणी मी त्यांच्या गाड्या पाहिलेल्या आहेत: तळाला पिंजराचा जाड थर, दोन घागरींच्या मधे पिंजराची मूठ, आणि घागरीच्या पोटातही पिंजर. खानापूरच्या वाटेवरचे खड्डे ज्यांनी खाल्ले आहेत त्यांना या बांधणीची किंमत सांगायला नको. आठ आण्यांच्या मडक्याला जे मिळत होते ते साडेसहा हजारांच्या रेडिओला मिळू नये, हे नवल आहे. बेळगावचा कुंदासुद्धा परगावी पाठवताना दुकानदार डब्याला डबा घासणार नाही याची काळजी घेतो.

ज्यांना सेट पाठवायचा आहे त्यांनी आधी त्याची मागची पुठ्ठ्याची फळी काढावी. व्हॉल्व्ह एकेक करून हलक्या हाताने सरळ वर उपसावेत, कोणता कोठला याचा कागदावर नकाशा काढावा किंवा मोबाइलवर फोटो घ्यावा, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह कापसात किंवा फोममध्ये गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवावा. चेसिसचे बोल्ट आवळून पाहावेत. रबरे गेली असतील तर चेसिस पेटीतून काढून स्वतंत्र खोक्यात पाठवणे सर्वांत उत्तम, आणि ते जमत नसेल तर ट्रान्सफॉर्मरच्या बाजूंना फोमचे ठोकळे घट्ट बसवून त्याला हलायला जागाच ठेवू नये. पुढची बटणे काढून घ्यावीत, कारण पेटी पुढच्या बाजूवर पडली की बटणाचा दांडा आत घुसून व्हॉल्यूमचा कंट्रोल मोडतो. मेन्सची वायर पेटीच्या आत सैल कोंबू नये. तिच्या टोकाचा पिनांचा प्लग प्रवासभर हातोडीचे काम करतो, आणि असा एका प्लगने भोसकलेला स्पीकर मी गेल्याच महिन्यात बदलला.

यानंतर सेट आधी एका बेताच्या खोक्यात घट्ट बसवावा आणि ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात, सहाही बाजूंनी निदान दोन-तीन इंच फोम येईल अशा बेताने ठेवावे. थर्माकोलच्या सुट्या गोळ्यांवर विसंबू नये. गाडीच्या हादऱ्यांनी त्या बाजूला सरतात आणि जड सेट हळूहळू तळाला जाऊन बसतो. फुग्यांचे प्लॅस्टिक हलक्या वस्तूला ठीक आहे, पण बारा-पंधरा किलोच्या सेटखाली त्यातले फुगे पहिल्या आदळआपटीतच फुटतात. आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेऊन आतल्या खोक्याला प्लॅस्टिकची पिशवी घालणेही जरुरीचे आहे, कारण भिजलेल्या पुठ्ठ्यात जोर राहत नाही आणि किराणा दुकानातून आणलेल्या वापरलेल्या खोक्यात तो आधीच निम्मा उरलेला असतो.

रेकॉर्ड प्लेअर असेल तर वरची फिरती थाळी काढून वेगळी गुंडाळावी आणि सुईचा दांडा बांधून टाकावा. 78 गतीच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि त्या काचेसारख्याच तडकतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना तबकडीपेक्षा मोठे जाड पुठ्ठे हवेत आणि कडा खोक्याला कोठेही टेकता कामा नये. ट्रान्झिस्टरमधले सेल तेवढे आठवणीने काढावेत.

आता त्या 'नाजूक' शब्दाविषयी. आपल्या सीमाभागात पाट्यांच्या भाषेवरून पुष्कळ वाद झडले आहेत आणि त्या वादात मला या पत्रापुरते तरी पडायचे नाही. पण पुण्यात मराठीत किंवा इंग्रजीत लिहिलेला शब्द राज्याच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून आलेल्या खोक्यावर रात्री दोन वाजता, गोडाऊनच्या अंधूक उजेडात, केवळ कन्नड वाचता येणाऱ्या हमालाने वाचावा अशी अपेक्षा आपण कशी करतो? पेल्याचे चित्र आणि वरच्या दिशेचे बाण जगभर चालतात. ते मोठे, चारही बाजूंना काढावेत. तरीही खोके एकदा तरी पडणारच, असे धरूनच आतली बांधणी करावी. हमालाला दिवसाला शेकडो नग उतरवायचे असतात. प्रत्येक नग तान्ह्या मुलासारखा धरणे त्याला शक्य नाही, आणि तेवढी मजुरी आपण त्याला देतही नाही.

भरपाईचा मुद्दा राहिला. मी ट्रान्स्पोर्टच्या कार्यालयात गेलो तेव्हा कारकुनाने पावतीची मागची बाजू दाखवली. तेथे बारीक अक्षरांत 'मालकाच्या जोखमीवर' असे छापलेले होते, आणि पुढच्या बाजूला विक्रेत्याने मालाचे वर्णन 'जुने घरगुती सामान' व किंमत पाचशे रुपये लिहिली होती. चार पैसे वाचावेत म्हणून ही किंमत कमी लिहिण्याची खोड सार्वत्रिक आहे आणि ती नेमकी अशा वेळी अंगाशी येते. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीविषयीचा 2007 चा कायदा आणि त्याखालील 2011 चे नियम यांनुसार, पाठवणाऱ्याने जादा जोखमीचे शुल्क भरलेले नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित असते, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही. माझ्या बाबतीत भाड्याची दहापट साडेतीन हजार झाली असती. पावतीवरच्या त्या पाचशेने तेही दार बंद केले. नुकसानीची लेखी नोटीस माल बुक केल्यापासून 180 दिवसांच्या आत द्यावी लागते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

विक्रेत्याने माल नीट न बांधल्याने तो मोडला, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. त्यासाठी पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मात्र खोके उघडतानाचे सलग चित्रीकरण, न फेकलेले खोके आणि पावती हाताशी असल्याखेरीज काही सिद्ध होत नाही. मी यातले चित्रीकरण केले नाही, कारण इतकी वर्षे या धंद्यात घालवूनही तो सेट पाहण्याची घाई मला आवरली नाही.

विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वी बांधणीचा फोटो मागावा, फोम आणि दुसऱ्या खोक्याचे दोन-तीनशे रुपये आपण होऊन द्यावेत, आणि पावतीवर खरी किंमत लिहायला लावावी, एवढी विनंती मी आपल्या पत्राद्वारे सीमाभागातील हौशी मंडळींना करतो. ट्रान्स्पोर्टच्या कार्यालयांनीही बुकिंगच्या वेळी मालाची किंमत आणि जोखमीचे शुल्क याविषयी गिऱ्हाइकाला मराठी-कन्नडमध्ये तोंडी विचारण्याची पद्धत ठेवावी. त्याला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

माझा मर्फी आता वाजतो. पेटी सरसाने जोडली, स्पीकरचा कागद नवा लावला, ईएल 84 एका जुन्या सहकाऱ्याने दिला. डायलची काच मात्र अजून मिळालेली नाही, त्यामुळे काटा मोकळ्या पत्र्यावरून फिरतो आणि धारवाड कोठे लागते ते कानाने शोधावे लागते. कोणाकडे त्या मॉडेलची काच पडून असल्यास कृपया कळवावे. ती आणायला मी स्वतः येईन, पार्सलने पाठवू नये.

आपला,
एक निवृत्त रेडिओ कारागीर,
शहापूर, बेळगाव