आमचा रस्ता एकदाच करा, मंत्रीसाहेब!

माननीय मंत्रीमहोदय,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी सांगलीची एक मिनीबस आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून हलशीला यायला निघाली आणि अर्ध्या वाटेवर पाटा तुटून बसली. अठरा माणसांच्या नाचणीच्या भाकऱ्या आणि हुलग्याचं कट आमच्या घरी तयार. भाकऱ्या म्हशींनी खाल्ल्या.

अंतर चौदा-पंधरा किलोमीटर. पावसाळ्याआधी रस्ता होणार असं तुम्ही भर सभेत सांगितलं होतं. टाळ्या आम्हीच वाजवल्या; कुठला पावसाळा ते विचारायचं राहिलं.

त्या शब्दावर मी परड्यात पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या. सोसायटीचं कर्ज, बायकोचे दागिने गहाण, सासुरवाडीची बोलणी वेगळीच. वीज जाते तेव्हा पाहुणे मेणबत्तीत जेवतात, वर म्हणतात, 'काय वातावरण आहे हो!' वातावरण म्हणे. हप्ता काही वातावरणातून फिटत नाही.

दाखवायला काय कमी आहे? हलशी म्हणजे कदंब राजांची पलाशिका नगरी. भूवराह-नरसिंहाच्या देवळात समोरासमोर दोन गाभारे, एकात नरसिंह, दुसऱ्यात पृथ्वी उचललेला वराह, ११६९चा शिलालेख. पलीकडे देगावचं कमलनारायणाचं देऊळ. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी, १८३१ला त्याला तिथंच फाशी दिली. एवढं सगळं असून वाट दाखवणारा धड फलक नाही. माझ्या खानावळीची पाटी मात्र तपासणीच्या साहेबांना लांबून दिसली! मराठी अक्षरं मोठी, कायद्याप्रमाणे कन्नड साठ टक्के भरत नाही, उतरवा. उतरवतो की. कन्नड मलाही येतं, पाहुण्यांशी रोज बोलतो. पण टेप घेऊन पाटी मोजणारा माणूस त्याच खड्ड्यांतून आला ना? ते मोजले का?

१९५६ला भाषेवर राज्यं वाटली आणि आम्ही कर्नाटकात गेलो, तेव्हापासून आमचं हेच. बेंगळूरला आम्ही मराठी, मुंबईला निवडणुकीपुरते. सीमेचा खटला २००४पासून सुप्रीम कोर्टात. तोवर हे खड्डे कुठल्या राज्यात धरायचे? बेळगावजवळच्या राजहंसगडावर २०२३ला एकाच शिवपुतळ्याचं दोन पक्षांनी दोनदा उद्घाटन केलं. आमचा रस्ता एकदाच करा, उद्घाटन हवं तितक्यांदा करा, नारळ मी देतो.

हिवाळी अधिवेशनाला अख्खं सरकार बेळगावच्या विधानभवनात, सुवर्णसौधात उतरतं. पंधरा-वीस कोटी उडतात म्हणे, खरंखोटं तुम्हालाच ठाऊक. यंदा त्यातली एक रात्र आमच्याकडे काढा. या मात्र याच रस्त्यानं. आणि भाडं आगाऊ घेईन, सरकारी बिल कधी निघतं ते बघितलंय.

आपला,
हलशीचा एक खानावळवाला