मंडळीचे भारमान

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात जिल्ह्यातील एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिकोत्सवाची बातमी आली. उपस्थिती किती, बाप्तिस्मे किती, दान किती, सगळे आकडे त्यात होते. बातमीदाराला बोल लावत नाही. आम्हीच त्याच्या हातात तसला कागद देतो. आमच्या मंडळीचा तो कागद 12 वर्षे सचिव म्हणून मीच लिहिला.

मी एसटीत 31 वर्षे वाहक होतो, त्यामुळे हिशोब जुळल्याशिवाय झोप यायची नाही. शेवटची काही वर्षे वेंगुर्ल्याकडे वस्तीच्या गाडीवर काढली. रात्री मुक्कामाला जाताना गाडीत सात-आठ माणसे, त्यातली निम्मी वाटेतच उतरणारी. पहाटे मात्र त्याच गाडीने कॉलेजची पोरे निघत, आणि तालुक्याला डायलिसिससाठी जाणारे एक आजोबाही. त्या गाडीवाचून त्यांचे काय झाले असते ते सांगायला नको. वेबिलात, म्हणजे वाहकाच्या हिशोबाच्या कागदात, पासवाली पोरे नि आजोबा सारखेच दिसायचे, आणि भारमान, म्हणजे गाडी किती भरली याचे प्रमाण, काढले की फेरी तोट्यात.

एवढे पाहूनही चर्चच्या नोंदवहीत मी तेच केले. आमच्यातली एक मावशी, वय सत्तरीच्या पुढे, सलग आठ महिने रविवारच्या उपासनेला दिसली नाही. मी तिच्या नावापुढे ‘अनियमित’ लिहिले आणि पान उलटले. नंतर कोणीतरी सहज बोलता बोलता सांगितले, म्हणून तिच्या घरी गेलो. ती शेजारच्या घरी होती. तिथली म्हातारी अंथरुणाला खिळलेली. आमच्या मंडळीतली नव्हे, घरात गणपती बसवणारी. मावशी म्हणाली, “झिला, आयतवारी सून मासळी घेवन बाजारात जाता. म्हातारी एकटीच रवता. थंय गीतां म्हणूक तुमी आसास मा!”

हे कुठल्या रकान्यात लिहायचे? रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात 1861 साली जन्मलेल्या रेव्ह. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये येशूच्या अनुयायांचा ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. आमच्या छापील नमुन्यात तो दरबार बसवता आला नसता. बायबलमधल्या गिदोन सेनानायकाचे तर विचारूच नका. देवाच्या सांगण्यावरून तो 32,000 माणसांतून 300 वर आला म्हणून आमच्या पंच कमिटीने त्याच्याकडे लेखी खुलासा मागितला असता.

आमच्या तरुण पाळकांना हे बोललो. ते म्हणाले, “अंकल, मग मोजायचंच नाही का?” मोजायचे ना! दानपेटीतला रुपयान् रुपया दोघांनी मिळूनच मोजायचा, त्यात माझी सवलत नाही. शंभरातले एक मेंढरू कमी आहे हे येशूच्या दाखल्यातल्या त्या मेंढपाळालाही मोजल्यावरच कळले असणार. पण तो नव्व्याण्णव लिहून सही ठोकून घरी गेला नाही, शोधायला निघाला. आमच्याकडे सही होते, निघत कोणी नाही. त्या आठ महिन्यांत मीही निघालो नव्हतो, आणि मावशीचे घर चर्चपासून चालत दहा मिनिटांवर आहे.

मार्चअखेर पुन्हा अहवाल भरायचे दिवस येतील. सगळ्या मंडळ्यांच्या सचिवांना एवढीच विनंती, की ‘अनियमित’ लिहिण्याआधी त्या घरी एकदा जाऊन या. जाताना कमिटी नको, फोटो नको. आणि तिथून पुढे वर्षभरात किती घरी पाय लागले तेही त्याच कागदावर येऊ द्या, आकडा लहान असला तरी.

मी गेलो त्या दिवशी मावशीने आधी मला हात धुवायला लावले. म्हातारीची चादर बदलायची होती, आणि त्याला दोन माणसे लागतात.

— एक निवृत्त एसटी वाहक, ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग