सांभाळणाऱ्याच्या सहीशिवाय शेवटचे बिल नको

प्रति,
मा. संपादक,

विषय : कार्यालये व रुग्णालयांतील फोन-मीटिंग सर्व्हरची उभारणी आणि हस्तांतर

महोदय,

ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे हा ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा पट्टा असो की ठाण्याचे वागळे इस्टेट, तेथील बहुतेक कार्यालयांत टेबलावरचा फोन आता तांब्याच्या तारेवर चालत नाही. तो कार्यालयातल्या किंवा जवळच्या डेटा सेंटरमधल्या एका सर्व्हरवर चालतो, आणि ऑनलाइन मीटिंग, चॅट, व्हॉइसमेल व बाहेरच्या नंबरांशी होणारी जोडणी हे सारेही तोच सर्व्हर पाहतो. रुग्णालयांचे चौकशी कक्ष, बँकांच्या शाखा, ग्राहकांच्या तक्रारी घेणारी केंद्रे यांचीही हीच व्यवस्था होत चालली आहे. नवी मुंबईत अशा सर्व्हरांची देखभाल करणे हाच माझा व्यवसाय आहे. सर्व्हर बसवला, पहिला कॉल लागला, की काम पूर्ण झाले असे धरून कंत्राटदाराचा हिशेब चुकता करण्याची जी रीत पडली आहे, ती बंद व्हावी यासाठी हे पत्र लिहीत आहे. ज्या व्यक्तीला तो सर्व्हर पुढे रोज सांभाळायचा आहे, तिने जोडणीची कागदपत्रे तपासून आणि बिघाडाची रंगीत तालीम करून सही दिल्यानंतरच अखेरचे देयक निघावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

हा विषय आताच मांडण्याला कारण आहे. फोन आणि मीटिंग चालवणाऱ्या स्काइप फॉर बिझनेस सर्व्हरच्या २०१५ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांना मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ई-मेल सांभाळणाऱ्या एक्स्चेंज सर्व्हर २०१६ आणि २०१९ यांचीही अखेरची तारीख तीच होती. ज्यांना आपली संभाषणे आपल्याच आवारात ठेवायची आहेत त्यांनी वर्गणीवर मिळणाऱ्या नव्या आवृत्तीकडे जायचे, ज्यांना ती अट नाही त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या टीम्स या इंटरनेटवरच्या सेवेकडे वळायचे, आणि ज्यांना परवान्याचा खर्च नको त्यांनी अ‍ॅस्टरिस्कसारख्या मुक्त प्रणालीवर नवी मांडणी करायची, असे पर्याय आहेत. पर्याय कोणताही घेतला तरी जुनी मांडणी सोडून नवी करावी लागते, आणि ज्या घाईत ही कामे उरकली जातात त्या घाईत कागदपत्रे सर्वांत आधी मागे पडतात.

कागदपत्रे नसली म्हणजे काय होते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ठाण्यातील एका रुग्णालयाने इंटरनेटची कंपनी बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून चौकशीचा फोन वाजत होता, उचललाही जात होता, आणि बाहेरच्या नातेवाइकाला स्वागत कक्षाचे शब्द स्वच्छ ऐकू येत होते. मात्र नातेवाईक काय विचारतो आहे ते स्वागत कक्षातल्या बाईंना अजिबात ऐकू येत नव्हते. त्यांनी फोन बदलला, रिसीव्हर बदलला, अखेरीस वायर बदलली. आमच्या क्षेत्रात याला एकतर्फी आवाज म्हणतात, आणि याच्या कारणांची यादी फार मोठी नसते. फोन वाजवण्याचा निरोप एका वाटेने जातो आणि प्रत्यक्ष आवाज दुसऱ्या वाटेने जातो, ही या तंत्राची मूळ रचनाच आहे. निरोपाचे काम एसआयपी नावाचा संकेत करतो, तो साधारणतः ५०६० किंवा ५०६१ या पोर्टवरून, म्हणजे सर्व्हरच्या क्रमांक दिलेल्या दारावरून जातो. आवाजाची पॅकेटे सेकंदाला बहुधा ५० या गतीने, यूडीपी या पोच न मागणाऱ्या पद्धतीच्या वेगळ्याच पोर्टांवरून धावतात. निरोपात सर्व्हर समोरच्याला सांगतो की, माझ्याकडे आवाज अमुक पत्त्यावर पाठव. रुग्णालयाच्या सर्व्हरमध्ये हा बाहेरचा, म्हणजे इंटरनेटवरचा आयपी पत्ता एका ओळीत हाताने लिहिलेला होता आणि इंटरनेटची जोडणी बदलल्यावरही ती ओळ तशीच राहिली होती. घर बदलल्यावरही पत्रावर जुनाच पत्ता छापत राहावे, तसा तो सर्व्हर प्रत्येक कॉलमध्ये जुना पत्ता देत होता, आणि नातेवाइकांचा आवाज त्या पत्त्यावर जाऊन नाहीसा होत होता. काही फोन कंपन्या निरोपातल्या पत्त्यावर विसंबून न राहता, आवाज जिथून आला तिकडेच उत्तर पाठवतात. त्यांच्याकडे हा दोष झाकला जातो. या रुग्णालयाच्या कंपनीकडे तशी सोय नव्हती.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती ओळ कोणत्या फाइलमध्ये आहे, ती कोणी लिहिली आणि कधी बदलायची असते, याची नोंद मात्र कुठेही नव्हती. ज्याने सर्व्हर बसवला तो कंत्राटदार काम संपवून गेला होता आणि त्याचे पैसे केव्हाच चुकते झाले होते. दरम्यान, अतिदक्षता विभागातल्या रुग्णाची विचारपूस करणारे लोक कित्येक तास फोन ठेवत आणि पुन्हा लावत राहिले. ‘आयपी पत्ता बदलल्यास ही ओळ बदला’ असा एक कागद सर्व्हरच्या कपाटात चिकटवलेला असता, तर ते सारे टळले असते.

स्काइप फॉर बिझनेसच्या मांडणीत बाहेरच्या जगाशी बोलणारा एज सर्व्हर असतो. त्याला दोन नेटवर्क कार्डे असतात, डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर पडण्याची नेहमीची वाट, फक्त बाहेरच्या कार्डावर द्यायचा असतो, आणि आतल्या नेटवर्कचे मार्ग हाताने नोंदवायचे असतात. मार्ग नोंदवण्याच्या आज्ञेत ‘कायमस्वरूपी’ असे सांगणारे एक अक्षर असते. ते राहून गेले तरी त्या दिवशी सगळे सुरळीत चालते, चाचणी यशस्वी होते आणि बिलही निघते. पुढे कधीतरी विंडोजचे अपडेट घेऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला, की ते मार्ग पुसले जातात आणि घरून काम करणाऱ्या साऱ्यांच्या मीटिंगा बंद पडतात. म्हणूनच मी बिघाडाच्या तालमीचा आग्रह धरते. हस्तांतराच्या दिवशी प्रत्येक सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा सुरू केला, तरी असे अनेक दोष तिथल्या तिथे, कंत्राटदार समोर असतानाच, बाहेर पडतात.

सर्टिफिकेटचा विषय मात्र थोडा सविस्तर मांडावा लागेल, कारण येत्या काळात खरी अडचण तिथेच आहे. दोन सर्व्हर एकमेकांशी बोलण्यापूर्वी समोरचा खरोखर तोच आहे ना, हे डिजिटल सर्टिफिकेटवरून तपासतात. त्याची मुदत संपली, किंवा त्यावर सर्व्हरची सगळी नावे नसली, की बोलणे तिथेच थांबते. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टची टीम्स ही सेवा काही तास बंद पडली होती, आणि मुदत संपलेले सर्टिफिकेट हेच त्याचे कारण होते. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था यांच्या सामाईक मंचाने ठरवले की, सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी करायची. ती ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस, असे हे टप्पे आहेत. कंपनीच्या अंतर्गत सर्टिफिकेटांना हे बंधन नाही, पण एज सर्व्हर, रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरून येणाऱ्या वेब विनंत्या आत पोहोचवणारा सर्व्हर) आणि फोन कंपनीकडे जाणारा गेटवे यांना ते लागू होणारच. आजवर वर्षातून एकदा कॅलेंडरवर खूण करून, आठवणीने हे काम करणारी कार्यालये पुढे दर दीड महिन्याला ते हाताने करू शकणार नाहीत. नूतनीकरण आपोआप होण्याची तजवीज आणि प्रत्येक सर्टिफिकेट कुठे लावले आहे याची वही, या दोन्ही गोष्टी आजच्या कार्यादेशातच लिहिल्या गेल्या पाहिजेत.

सर्टिफिकेट चुकीच्या कप्प्यात ठेवल्यानेही सर्व्हर अडतो. स्काइप फॉर बिझनेसची आधीची आवृत्ती असलेला लिंक सर्व्हर २०१३ हा विंडोज सर्व्हर २०१२ वर बसवताना याचा अनुभव अनेकांनी घेतला असेल. विश्वसनीय मूळ सर्टिफिकेटांच्या कप्प्यात एखादे मधल्या पायरीचे, म्हणजे स्वतःच स्वतःला प्रमाणित न करणारे सर्टिफिकेट पडले, की फ्रंट एंड ही मुख्य सेवा सुरूच होत नसे, आणि इव्हेंट लॉगमधल्या, म्हणजे विंडोजच्या घटना-नोंदींतल्या, संदेशावरून खरे कारण ओळखू येत नसे. ते सर्टिफिकेट काढले की सेवा चालू व्हायची. पण डोमेनच्या, म्हणजे कार्यालयातल्या संगणकांच्या एकत्रित गटाच्या, ग्रुप पॉलिसीतून (सामाईक नियमांतून) ते सर्व संगणकांना वाटले जात असेल तर थोड्या वेळाने पुन्हा तिथेच येऊन बसायचे. असा दोष एकदा शोधून काढल्यावर तो लिहून ठेवणे हे शोधण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे, आणि व्यवस्थापनाने त्यासाठी कामाच्या वेळेतच जागा ठेवली पाहिजे.

घड्याळांबाबतही एक सांगायचे आहे. विंडोज डोमेनमध्ये दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की ओळख पटवण्याची प्रक्रियाच अडते. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे, लॉग १८० दिवस जपणे आणि सुरक्षेला बाधा आणणारी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. फोनचा सर्व्हर हाही सर्व्हरच आहे, हे अनेक ठिकाणी विसरले जाते. त्याचे ५०६० पोर्ट इंटरनेटवर मोकळे राहिले तर पासवर्ड तपासणारे स्वयंचलित प्रोग्राम लगेच त्यावर आदळू लागतात, आणि एखादा सोपा पासवर्ड सापडला की सुट्टीच्या रात्री परदेशी नंबरांवर कॉल लावून कंपनीच्या माथी बिल मारले जाते. लॉग नसतील तर ते कॉल आपण केले नाहीत हे दाखवणार कसे?

वीज हा आपल्या भागातला जिव्हाळ्याचा विषय आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकाच वेळी अंधारात गेली, तो दिवस वाचकांना आठवत असेल. जुन्या फोनला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून, त्याच तारेवरून येत असे, त्यामुळे घरातले दिवे गेले तरी फोन चालू राही. आताचा आयपी फोन मजल्यावरच्या नेटवर्क स्विचकडून, नेटवर्कच्या तारेतूनच वीज घेतो. बहुतेक ठिकाणी यूपीएस लावलेला असतो तो सर्व्हरच्या खोलीला. मजल्यावरचा स्विच मात्र साध्या प्लगवर असतो. सर्व्हर ठणठणीत आणि फोन बंद, अशी अवस्था त्यातूनच येते. इंटरनेटचेही तसेच आहे. दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या म्हणून निर्धास्त झालेल्या कार्यालयांनी त्या दोन्ही केबल रस्त्याकडेच्या एकाच चरातून येतात का, हे एकदा पाहून घ्यावे. पावसाळ्याआधीच्या खोदकामात त्या दोन्ही एकदमच तुटतात.

शेवटी ११२ या आपत्कालीन क्रमांकाबद्दल, कारण हा माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. कार्यालयाच्या फोनवरून बाहेर जाण्यासाठी आधी ० किंवा ९ दाबण्याची सवय असते. घाबरलेला माणूस ते दाबणार नाही, तो थेट ११२ फिरवील. तो कॉल लागतो का? लागला तर कोणत्या शहरातून बाहेर पडतो? कंपनीची मुख्य जोडणी बेंगळुरूत असेल आणि ऐरोलीतला कॉल तिथून बाहेर पडला, तर मदत मागणाऱ्याचा आवाज परराज्यातल्या नियंत्रण कक्षात जाऊन पोहोचेल. कॉल ज्या ठिकाणाहून केला त्याच ठिकाणच्या जोडणीतून बाहेर काढण्याची सोय स्काइप फॉर बिझनेस आणि टीम्स या दोन्हींमध्ये आहे. भारतात टोल बायपासच्या, म्हणजे फोन कंपनीचे शुल्क चुकवून बाहेरचे कॉल खासगी नेटवर्कमधून नेण्याच्या, नियमांमुळे ती वापरावी लागते, आणि नीट बसवली तर ११२ चा प्रश्न सोडवायलाही तिची मदत होते. पोलिसांना आधी कळवून, प्रत्येक इमारतीतून एक चाचणी कॉल करून पाहणे अवघड नाही. मी पाहिलेल्या हस्तांतराच्या कागदांत या चाचणीचा उल्लेख क्वचितच असतो.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिका, त्यांची रुग्णालये, तसेच येथील खासगी कंपन्यांचे खरेदी विभाग यांनी आपल्या निविदांत पुढील अट घालावी, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करते. जोडणीचा नकाशा, पोर्ट आणि पत्त्यांची यादी, सर्टिफिकेटांची वही, प्रत्येक सर्व्हर बंद-चालू केल्याची नोंद, वीज आणि इंटरनेट तोडून घेतलेली चाचणी आणि ११२ चा कॉल, एवढे सगळे देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या समोर व्हावे. तो कर्मचारी कंत्राटी असला तरी त्याचा शब्द ग्राह्य धरावा, आणि त्याने सही नाकारली तर दहा टक्के रक्कम रोखून ठेवण्याचा अधिकार खरेदी विभागाला असावा. ही अट घातली तर कंत्राटदारांचे दर थोडे वाढतील, हे मला मान्य आहे. त्यांचा माणूस आणखी काही दिवस अडकून राहील आणि त्याचा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे.

आपली विश्वासू,
एक सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर,
ऐरोली, नवी मुंबई